त्साइगुरूंच्या चिमट्यातलं विष

आमच्या गावात मात्सू या सागरदेवीच्या देवळापुढे खुर्च्या पुरेनात, म्हणून मासळीवाल्या बायका टोपल्या उलट्या टाकून बसल्या होत्या. झाडफूक करणाऱ्या त्साइगुरूंनी माझ्या ताईची, मेइ-युएची, पापणी ओढली, 'दैवी जल' सोडलं, मंत्र पुटपुटले. जरा वेळाने चिमट्याने डोळ्यातून बुळबुळीत मणी काढून बशीत ठेवला. पांढुरका, मधोमध काळा ठिपका.

"बघा विष! दवाखान्यात डोळ्याला भोक पाडून घेतलंत ना, माऊली?"

"अगं बाई!" गर्दी कुजबुजली.

ताईने गुरूंचा हातच धरला. "किती मऊ हात!"

माझा नुसता जळफळाट झाला. काचबिंदूच्या ऑपरेशनपासून तिच्या डोळ्यात थेंब घालणारी मी, आणि मला काय, तर "तुझा हात म्हणजे घासणी!"

त्याच दिवशी सकाळी तो डोळा लालभडक झाला होता, पू आला होता, धूसर दिसू लागलं होतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आतलं पाणी उतरायला वाट केलीय. त्या वाटेने जंतूही शिरतात. डोळा लाल झाला की त्याच दिवशी या." पण काऊशिउंग शहरातल्या इस्पितळाची बस धरायची सोडून ताई इथे देवळापुढे येऊन बसली.

"जळतेस तू," ती म्हणाली.

"जळतेच! पण तू आंधळी झालीस तर मला नावं कोण ठेवणार?"

रागारागाने उठले. गाडीवरून सब्जा घातलेलं लिंबू सरबत घेतलं, ग्लास तोंडाला लावला आणि थबकले. ग्लासात गुरूंचं विष तरंगत होतं!

"गुरुजी, नखं दाखवा."

"देवी कोपेल!"

एका मासळीवाल्या आऊने त्यांचं मनगटच पकडलं. नखाखाली काळं, कोरडं बी. मी ते बशीत टाकून वर पाणी ओतलं; सगळ्यांदेखत फुगलं, भोवतीने पांढुरकं झालं. अख्खा गाव उन्हाळाभर हेच पितो, पण डोळ्यातून निघाल्यावर कुणी ओळखलं नाही.

गुरू सटकले. आम्ही बस पकडली. इस्पितळात डोळ्यातलं पाणी तपासायला घेतलं, मग डोळ्याच्या आत जंतू मारणाऱ्या औषधाचं इंजेक्शन. सुई दिसताच ताईने माझी घासणी घट्ट धरली. मग तासातासाला थेंब. नजर वाचली; थोडं धुकं राहिलं.

घरी येताना म्हणते, "डॉक्टरीणबाईंचा हात काय हलका गं!"

पुन्हा जळले.

तुम्हीही जळा, भांडा. पण ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि कुणी डोळ्यातून काही काढून दाखवलं, तर हात जोडण्याआधी विचारा: हे आत घातलं कुणी?