नादबाबांचा गाणारा मुका

मनवेलपाड्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर रेशमी कफनीतले नादबाबा कीबोर्डसमोर बसले होते. शेजारच्या खुर्चीत होता आशालताचा नवरा आत्माराम, अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेलेला. बाबांनी सूर धरला आणि आत्मारामने गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत म्हटली. बायका रडल्या, मोबाइल वर झाले, आशालताने तर बाबांच्या पायांवर लोळणच घेतली.

"हे ब्रह्मकंपन," बाबा माइकवर म्हणाले. "परदेशी शास्त्रज्ञ याच्यासाठी माझ्या मागे लागलेत, मीच भाव देत नाही. मेंदूतला गंज माझा नाद खरवडून काढतो. फक्त रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा, माऊली. त्या रसायनाने कंपन अडतं."

आशालताने गोळ्या कपाटावर फेकल्या. मुलगी उन्नती संतापली. "आई, परत अटॅक आला तर तुझे नादबाबा येणारेत का उचलायला?"

"तुज्या डॉक्टरनं ह्यांच्या तोंडातून एक शब्द तरी काढला का? बाबांनी आख्खी आरती काढली."

 आरती उन्नतीनेही ऐकली होती.

उलगडा झाला शेजारच्या हळदीत. लग्नाची जुनी गाणी म्हणणारी यमुना धवलारीण मांडवात गाऊ लागली, आणि आत्माराम तिच्या मागोमाग गाऊ लागला, एकही शब्द न चुकता. तिथे ना बाबा होते, ना ब्रह्मकंपन. आशालताच्या हातातली हळदीची वाटी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच उन्नतीला घेऊन आत्मारामवर उपचार करणाऱ्या डॉ. रेजिनाकडे गेली.

"यात नवल आहे, चमत्कार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला जुळतं, आणि यांना इजा तिथेच झालीय. सूर आणि वर्षानुवर्षं तोंडात बसलेली गाणी उजव्या बाजूच्या आधारानेही येतात. म्हणून गाता येतं, पण मनातलं सांगता येत नाही. बाबांनी यांना कधी काही विचारलं का?"

विचारलं नव्हतं. आरती संपली की लगेच पुढचा भक्त यायचा.

पुढच्या सत्संगात आशालता उठली. "बाबा, ह्यांना इचारा, काय पायजे."

"माऊली, नाद प्रश्नांच्या पलीकडे असतो."

"आसंल. पन ह्यांची तहान पलीकडं नाय. इचारा."

नाइलाजाने बाबांनी विचारलं. आत्मारामचे ओठ थरथरले, डोळे भरले, शब्द काही येईना. बाबांनी घाईघाईने कीबोर्डवर बोटं टाकली. आशालताने सरळ प्लग उपटला.

"मान्साचं गानारं खेळनं केलंत तुमी," ती म्हणाली, "आनि मी गोळ्या बंद करून ह्यांचा जीव घ्यायला निघालेली."

आता ती रोज गोळी देते. मग डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे नवऱ्याच्या डाव्या हातावर ताल धरून, हळदीच्या गाण्याच्या चालीवर "पानी दे" म्हणते. कितीतरी दिवस त्याच्याकडून नुसती चालच आली. मग एका दुपारी ती भाकरी थापत असताना मागून अडखळत, सुरात ऐकू आलं, "पा... नी दे." आशालताने पिठाच्या हातानेच तांब्या भरला आणि रडली.

गाण्यात ताकद आहे, म्हणून तर भोंदूला ते हवं असतं. तेव्हा चमत्कारापुढे हात जोडण्याआधी एक साधा प्रश्न विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.