पाठमोरं जहाज

डेल्फ्टहून आलेली ताटली मी पेटीतल्या गवतातून बाहेर काढली, खिडकीपाशी उजेडात धरली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पांढऱ्याशुभ्र झिलईवर सगळं निळ्या रंगात. डावीकडे आमच्या फ्लार्डिंगनच्या चर्चचा मनोरा, मध्ये पाणी, उजवीकडे माझ्या नवऱ्याचं, योस्तचं जहाज, काठाला योस्तचं नाव. मी सांगितलं होतं तसंच होतं. फक्त जहाजानं मनोऱ्याकडे पाठ केली होती.

मला घरी येणारं जहाज हवं होतं. निघताना योस्तनं शब्द दिला होता, हेरिंग मासळीचा हा हंगाम शेवटचा. परतला की माझ्या वडिलांच्या दोरखान्यात कामाला लागेल, पुन्हा समुद्राचं नाव काढणार नाही. मीही धक्क्यावर त्याला बजावलं होतं, "आलास की पहिलं जेवण तुझ्या जहाजाच्या ताटलीत." त्याचा थोरला भाऊ पूर्वेच्या देशांकडे वर्षानुवर्षं जाणाऱ्या मोठ्या जहाजावर चढला, तो परत आलाच नाही. म्हणून हे चित्र मला भिंतीवर नको होतं, टेबलावर हवं होतं, रोज नवऱ्याच्या नाकासमोर.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "छान आहे की गं. जहाज आहे, पाणी आहे."

"निघालंय ते, सासूबाई!"

"मग येईल परत. चित्रातल्या जहाजाला कसली घाई?"

त्याला नसेल, मला होती. जहाजं आज येतात की उद्या, एवढंच गावभर चाललं होतं, आणि माझा पाय घरात ठरत नव्हता. ताटली शालीत गुंडाळून मी डेल्फ्टची नाव धरली. कालव्याच्या काठावरून घोडा रमतगमत नाव ओढत होता. उतरावं आणि आपणच त्या घोड्याला ओढत न्यावं असं वाटत होतं. शेजारी चीजची टोपली घेऊन बसलेल्या बाईनं शालीकडे बघून विचारलं, "बाळ का?"

"नवरा," मी म्हटलं. मग ती डेल्फ्टपर्यंत गप्प बसली.

ताटली रंगवणारा गिलिस बोटं निळी करून बसला होता. "काय चुकलं, बाई? शिडं बघा, दोर बघा, एक तरी राहिलाय का?"

"जहाजाचं तोंड कुठे आहे?"

त्यानं ताटली लांब धरली, जवळ धरली. मग मागच्या खिळ्यावरचे कागद चाळले. "अरेच्चा. मनोऱ्याचा कागद वेगळा असतो, जहाजाचा वेगळा. चित्राच्या रेघेवर भोकं पाडलेली असतात. कागद ताटलीवर ठेवायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की खाली चित्र उमटतं. भोकं दोन्हीकडून सारखीच दिसतात हो. जहाजाचा कागद पालथा पडला."

"आणि रंगवताना डोळे कुठे होते?"

"मी कुठे समुद्रावर गेलोय? मला जहाज म्हणजे जहाज."

"पुसा मग."

"पुसा म्हणे! कच्च्या झिलईवर कुंचला टेकला की ती रंग पिऊन टाकते. आणि ही तर भट्टीतून निघालीय. दुसरी करून देतो, पण भट्टी भरेपर्यंत थांबावं लागेल."

"करा. आणि त्या कागदावर एका बाजूला मोठ्ठं 'वर' लिहून ठेवा," असं म्हणून मी ताटली पुन्हा शालीत गुंडाळली आणि निघाले.

परतताना गाव दिसू लागलं. मनोऱ्यावर झेंडा चढला होता. जहाजं आली होती. नाव काठाला लागायच्या आधीच मी उडी मारली.

योस्त टेबलाशी बसला होता, उन्हानं रापलेला, वाळलेला, पण सगळाच्या सगळा. मी त्याच्या गळ्यात पडले. आनंदानं रडूच आलं. तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला, फारसं बोलला नाही. मला वाटलं, दमलाय.

"माझी ताटली कुठाय?" तो म्हणाला. "आई म्हणते, त्यासाठीच गेली होतीस. आणि मासे सोडून काहीही वाढ."

आता ती लपवणार कुठे? मी त्याच्याकडे पाठ करून ताटलीत शिजवलेल्या वाटाण्यांचा ढीग केला, वर खारं मांस ठेवलं. निळा ठिपकासुद्धा दिसेना. दोन घास कमी झाले की मी पळीभर वाढत होते.

"अगं, पुरे!"

"खा. वाळलायस."

"लिस्बेट, पोट फुटेल माझं."

"त्याला खाऊ दे की सुखानं," सासूबाई म्हणाल्या आणि पळीच माझ्या हातातून काढून घेतली.

मग मी नुसती उभी राहिले. आधी मनोऱ्याचं टोक निघालं. मग पाणी. ब्रेडच्या तुकड्यानं त्यानं उरलेलं पुसून घेतलं आणि जहाज उघडं पडलं. चूक कशी झाली, कागद कसा पालथा पडला, सगळं माझ्या ओठांवर तयार होतं. हसून सांगणार होते.

योस्तचा हात थांबला. तो त्या जहाजाकडे बघत राहिला.

"पूर्वेच्या जहाजाचं तुला कुणी सांगितलं?" तो हळूच म्हणाला. "मी आज तुला सांगणारच होतो."