यशोधराची टाचण्यांची उशी

मित्रांनो, यशोधराचा नवरा नरेंद्र दवाखान्यातून एकटाच परत आला, तेव्हा ती आता येणार नाही हे मला कळले. पिशवीतून त्याने तिची चप्पल काढली आणि नेहमीच्या जागी ठेवली.

मी एक जुनी उशी आहे, पण माझ्यावर कुणी कधी डोके टेकले नाही. अंबरनाथच्या बुवापाड्यात यशोधरा माझ्यावर लेस विणत असे. नक्षीचा पुठ्ठा माझ्यावर ठेवून ती त्यात टाचण्या रोवायची आणि लाकडी बॉबिनांवर गुंडाळलेले दोरे त्यांच्याभोवती गुंफायची.

आधी तिने माझ्यात कापूस भरला. टाचण्या डुलू लागल्या. मग तिने सुताराकडचा भुसा आणून ठासला.

"मम्मी, दगड झाली की ही," तिची मुलगी स्वप्नाली म्हणाली.

"तशीच पाहिजे."

लोखंडी टाचण्यांचे तांबूस डाग पहिल्या लेसवर पडले, म्हणून तिने पितळी आणल्या. दोरा निवडायला तिने मलाही उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये नेले.

"भाभी, पॉलिस्टर लो ना, कैसा चमकता है," दुकानदार म्हणाला.

"चमकू दे. हातातून सटकतो तो. सुती दाखवा."

तिने बराच वेळ दोरे ओढून पाहिले. नरेंद्र दारातून म्हणाला, "मला पसंत करताना एवढा वेळ नाही घेतलास."

"म्हणून तर आता नीट बघून घेते."

तो दोरा स्वप्नालीच्या लग्नाच्या पांढऱ्या साडीसाठी होता. पदराची लेस संपत आली आणि यशोधरा तापाने पडली.

ती गेल्यावर शेजारच्या भागीरथीमावशींनी तिचे अंथरूण बांधले. गेलेल्या माणसाचे अंथरूण घरात ठेवत नाहीत. फडक्याखाली मी दिसले, तेव्हा त्यांनी मलाही घेतले. नेणाऱ्याला टोचू नये म्हणून एकेक टाचणी काढली. दोरे सैल पडून एकमेकांत मिसळले.

नरेंद्रने दारातल्या गाठोड्यातून मला ओढून काढले. "मावशी, ही झोपायची उशी नाही."

"मला काय ठाऊक रे बाबा," त्या म्हणाल्या आणि खालीच बसल्या. त्यांना कुणी बोल लावला नाही.

नरेंद्रने टाचण्या पुन्हा भोकांत रोवल्या. पण कोणत्या दोऱ्यांची जोडी कुठे होती, ते तिच्या हातांनाच ठाऊक होते. तिला लेस शिकवलेल्या बदलापूरच्या बाईंनीही बॉबिना उचलून पाहिल्या आणि तशाच परत ठेवल्या.

"पप्पा, झाली तेवढी कापून लावू या का?" स्वप्नालीने विचारले.

"कापू नको."

तो रोज माझ्यावरची धूळ पुसतो. बॉबिनांना हात लावत नाही.

मित्रांनो, कुणाचे सामान बाहेर काढण्याआधी ते कशाचे आहे, एवढे घरात विचारा. हातातले काम अर्धे असेल, तर ते तसेच झाकून ठेवा.

स्वप्नालीचे लग्न जवळ आले आहे. पांढरी साडी घडी घालून ठेवली आहे. पदराची वीतभर लेस विणायची राहिली आहे.