पैकीच्या पैकी

मृण्मयीने फॉर्मचं शेवटचं पान उलटलं आणि ती ओसरीच्या पायरीवर मटकन बसली. पंधराच्या पंधरा प्रश्नांपुढे चारचा आकडा लिहिलेला होता.

"काकू, सगळीकडे चार?"

"व्हय. माज्या नातीनं, सायलीनं वाचलं, मी सांगितलं." घरमालकीण तुळजाबाई शेंगा फोडत होत्या. "शाळंचा कागद हाय म्हनलीस ना? मग हात का आखडायचा? लई गुणाची हाय तुजी पोर. दिसभर एका जागी बसतीया, रडणं न्हाई, मागणं न्हाई. पैकीच्या पैकी दिले."

मृण्मयीला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाजही वाटली. ऑटिझमच्या तपासणीसाठी बावधनच्या डॉक्टरबाईंनी दोन फॉर्म दिले होते, एक आईला आणि एक ती कामावर गेल्यावर मुलीला सांभाळणाऱ्या काकूंना. काकूंना तिने शाळेचा कागद, एवढंच सांगितलं होतं. बेरीज तिसाच्या वर गेली की पुढच्या तपासण्या.

"काकू, यात जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. चांगल्याला एक."

तुळजाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आगं बया! मग खोड की समदं. तुज्या कागदावर हायेत तसेच घाल. आईला खरं ठावं असतं."

मृण्मयीने पर्समधून आपला फॉर्म काढला. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, पेन्सिलीने भरलेला. बेरीज एकोणीस. एकोणिसावर येईपर्यंत तिने तो तीनदा भरला होता.

ओसरीच्या कोपऱ्यात चार वर्षांची क्षितिजा पाठमोरी बसून डब्याचं झाकण फिरवत होती. पाचवा प्रश्न होता: हाक मारल्यावर मूल वळून पाहतं का? मृण्मयीने तिथे एक लिहिला होता.

"क्षितिजा."

झाकण फिरत राहिलं.

"क्षितिजा, बाळा, इकडे बघ."

मग तुळजाबाईंनीही हाक मारली, चांगली शेतावर ऐकू जाईल अशी. शेजारचं कुत्रं उठून उभं राहिलं. क्षितिजाने थांबलेलं झाकण पुन्हा फिरवलं.

मृण्मयीने रबराने एक खोडला. कागद तिथे जरा फाटला. तिला फार भीती वाटत होती.

तुळजाबाईंनी सूप बाजूला सारलं आणि त्या जवळ सरकून बसल्या.

"दोन घाल," त्या हळूच म्हणाल्या. "पोरी, दोनच घाल."

मृण्मयीने तीन लिहिला.