केबिनमधलं बोलणं

"अरे, हँडब्रेक ओढ आधी!" ड्रायव्हर दुसऱ्या रांगेतून ओरडला आणि सगळं नाट्यगृह हसलं.

स्टेजवर एक खुर्ची, एक स्टिअरिंग आणि एकटा नट. तो खुर्चीतून तसाच उठून चालू लागला होता. चढावर गाडी अशी सोडून कुणी उतरतं का? पण नट कसलेला होता. त्यानं परत फिरून हँडब्रेक ओढला, ड्रायव्हरला सलाम ठोकला आणि पुढचं वाक्य घेतलं.

"अहो, गप्प बसा की," बायकोनं कोपरानं ढोसलं. "पुढे साहेब बसलेत." पण तिचाही चेहरा फुललेला होता. नवऱ्याच्या आयुष्यावर दोन तासांचं नाटक निघतं, हे काय खायचं काम आहे?

साहेब पहिल्या रांगेत होते. त्यांना आमंत्रण ड्रायव्हरनंच नेऊन दिलं होतं. कंपनीत आता बिनमाणसाच्या गाड्या आल्या होत्या. चाळीस ड्रायव्हरांतले चौतीस घरी बसले होते. बंदराकडच्या अरुंद रस्त्यांवर त्या गाड्या गोंधळत, म्हणून सहाजण उरले. सहाचे तीन होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षांत आपण काय केलं ते साहेबांनी एकदा डोळ्यांनी बघावं, मग आपल्या नावावर काट मारताना त्यांचा हात अडखळेल, अशी भाबडी आशा ड्रायव्हरला होती. आजही त्याची गाडी माल भरून मागच्या बोळात तयार होती. नाटक संपलं की उजेडातच निघायचं.

नट आठ दिवस त्याच्या गाडीतून हिंडला होता. आता ड्रायव्हर लोकांत एक रीत असते. केबिनमध्ये बोललेलं केबिनमध्येच राहतं. लांबच्या वाटेवर डुलकी लागू नये म्हणून माणूस बोलत सुटतो आणि पोटातलं सगळं बाहेर येतं. खाली उतरल्यावर त्यातलं अवाक्षर कुणी काढत नाही. ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही, म्हणून ड्रायव्हरनं ती नटालाही सांगितली नव्हती. तसं सांगावं लागतं हेच त्याच्या डोक्यात आलं नाही.

स्टेजवरचा उजेड कमी झाला. नटानं तळहातानं डावा डोळा झाकला.

"वर्ष झालं, या डोळ्यानं दिसत नाही. नुसतं धुकं. तपासणीला रांगेत उभा होतो ना, तेव्हाच चांगल्या डोळ्यानं तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ केली. र, प, ट, न, क! त्यांनी चांगला डोळा झाकला, मी घडाघडा म्हणून दाखवली. शाळेत कधी एक कविता पाठ झाली नाही बघा!"

लोक खो खो हसले. ड्रायव्हरचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला, ब्रेक मारावा तसा. पुढे साहेबांची मान हलेनाशी झाली होती.

"एकदा डावीकडून एक सायकलवाली बाई आली. मला दिसलीच नाही. हातभर अंतरानं वाचली. मी गाडी कडेला घेतली आणि ढसाढसा रडलो. मग तोंड धुतलं आणि निघालो. न निघून जाऊ कुठे? मला दुसरं येतं काय?"

आता कुणी हसलं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. बायको मात्र मांडीवर हात ठेवून बसली होती.

"गेल्या महिन्यात नातीला याच गाडीतून आणलंत," ती म्हणाली. "पोर डावीकडेच बसली होती."

"हो."

"मला सांगवलं नाही तुम्हाला?"

"तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं!"

तेवढ्यात नट खाली उतरून आला आणि हाताला धरून त्याला वर घेऊन गेला. लोक उभे राहिले. पायरी नीट दिसेना म्हणून ड्रायव्हर बुटाच्या टोकानं चाचपत चढला, तर त्यालाही टाळ्या पडल्या.

"मामा, जमलं ना?" नट कानाशी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

त्याची गचांडी धरावी असं ड्रायव्हरला वाटलं. पण पोरानं एक शब्दही पदरचा घातला नव्हता.

"छान केलंस रे," तो म्हणाला.

साहेब बाहेर दाराशी थांबले होते. "फार सुंदर नाटक," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "किल्ली द्या माझ्याकडे."

"साहेब, आजची खेप तरी..."

"आता मला कळलंय. कळल्यावर कसा पाठवू तुम्हाला?"

"बंदराचा रस्ता पाठ आहे साहेब मला. डोळे मिटून..." तो मध्येच थांबला. मग त्यानं हात जोडले. "पाया पडतो, साहेब. घरी बसून मी मरेन."

साहेबांनी मान खाली घातली, पण पुढे केलेला हात मागे घेतला नाही. ड्रायव्हरनं खिशातून किल्ली काढून त्या हातावर ठेवली.

अर्ध्या तासात कंपनीचा मिस्त्री आला. बायकोनं केबिनमधून ड्रायव्हरची वाकळ, शर्ट आणि पाण्याची बाटली खाली काढली. बोळ अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती, गाडी मागे घेऊनच काढायची. मिस्त्रीला हे काम रोजचं नव्हतं. त्यानं गाडी हातभर मागे घेतली आणि मागचा कोपरा भिंतीला लागणार तेवढ्यात ड्रायव्हर धावत मागे गेला. त्यानं रस्त्यावरची वाहनं अडवली, गाडीकडे तोंड करून दोन्ही हात वर केले.

"येऊ दे... येऊ दे... जरा उजवीकडे काट. येऊ दे!"

एक ओरखडाही न उठता गाडी बोळाबाहेर आली.

"बस," ड्रायव्हर म्हणाला. मागच्या फळीवर त्यानं दोन थापा मारल्या आणि गाडीला वाट देण्यासाठी तो रस्त्याच्या कडेला झाला.