तिसऱ्या हौदाचं पाणी

रखमाजीनं लाकडी खुंटीला चिंधी गुंडाळली, ओली करून पिळली, पुन्हा गुंडाळली. पन्हाळीच्या तोंडात ती ठोकायची तेवढी राहिली होती. हात मात्र काही केल्या पुढं होईना. मागं त्याचा चुलता रामकिसन अंघोळीसाठी खोळंबून उभा होता, आणि त्याच्यामागं सगळी भावकी.

रखमाजीची आई, साळूबाई, पहाटे गेली. तिला पोहोचवून सगळे नुकतेच मसणवट्यातून परतले होते. आता पहिल्या हौदाशी अंघोळी व्हायच्या, आणि सुतकाचं पाणी खाली दुसऱ्यांच्या वापरात जाऊ द्यायचं नाही, ही आळीची रीत. दहा दिवस पन्हाळ बंद करायची आणि पाणी बाजूच्या मोरीतून नाल्याला सोडून द्यायचं.

हे हौद रखमाजीच्याच डोक्यातून निघालेले. नव्या जालन्यात, स्टेशनापलीकडच्या जिनात तो मुकादम होता. कापसातली सरकी काढणाऱ्या इंजिनातून दिवसभर कोमट पाणी बाहेर पडे आणि फुकट नाल्यात जाई. मालकाच्या मागं लागून त्यानं ते आळीत आणलं आणि उतारावर तीन दगडी हौद बांधून घेतले. पहिल्याशी वरच्या आळीच्या अंघोळी. ते पाणी पन्हाळीनं दुसऱ्यात, तिथं धुणी. मग वाळूतून निथळून तिसऱ्यात, खालच्या आळीला, गुरांसाठी, भांड्यांसाठी, वांग्याच्या वाफ्यांसाठी. एका पाण्याची तीन कामं! तहसीलदारसाहेबानं घोडा थांबवून बघितलं होतं आणि ‘बहोत खूब’ म्हटलं होतं. रखमाजीची छाती चार दिवस फुगलेली होती. पाणी आधी कुणी वापरायचं, मागून कुणी, आणि बंद कधी करायचं, हे सगळं वरच्या आळीनं ठरवलं. खाली कुणाला विचारावं, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी, ऐन वैशाखात, वरच्या आळीत एका अडत्याची म्हातारी गेली. रखमाजीनं रीतीप्रमाणं खुंटी ठोकली. त्याला वाटलं, आपण खालच्यांचा मानच राखतोय, कुणाच्या मर्तिकाचं पाणी त्यांच्या माथी कशाला मारायचं? तिसऱ्या दिवशी खालचा हौद कोरडा पडला. खालच्या आळीत पिण्यापुरता एक आड होता, सगळा भार त्याच्यावर आला आणि त्यानंही तळ दाखवला. मग बाया दगडाच्या खाणीतल्या डबक्यावर जाऊ लागल्या. सातव्या दिवशी पुंजारामची बायको तुळजाबाई तिथं पाय घसरून पडली. दुपारी तिला वर काढलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

रखमाजीला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या खाऊन माणूस मोकळा तरी होतो.

तेव्हापासून हे सुरू झालं. भर दुपारी जिनाचा भोंगा वाजला की त्याची नजर उताराकडं जाई, आणि तिसऱ्या हौदाशी एक बाई उभी दिसे. डोक्यावर पदर, कमरेवर घागर, त्याच्याकडं पाठ. हलायची नाही, बोलायची नाही, नुसती थांबलेली. तो खाली उतरेपर्यंत तिथं कुणी नसे. तापल्या दगडावर ओली पावलं मात्र उमटलेली असत, आणि तो बघत असतानाच ती वाळून जात. एकदा त्यानं बायकोला, सोनूबाईला, सांगितलं. तिनं कपाळाला अंगारा लावला, दृष्ट काढली. त्यानं काय होणार होतं? खरी गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती. ती दोघांनाच ठाऊक होती, त्याला आणि साळूबाईला.

त्या सातव्या दिवशी सकाळी तुळजाबाई त्याच्या दाराशी आली होती. पन्हाळ उघडा म्हणणार, हे त्यानं खिडकीतून बघताच ओळखलं. काय उत्तर द्यावं ते सुचेना, म्हणून त्यानं आईला खूण केली. म्हातारीनं दारात जाऊन सांगितलं, मुकादम घरी न्हाई. बाई थोडा वेळ तशीच उन्हात उभी राहिली आणि गेली. त्यावर मायलेकरांत पुन्हा कधी एक शब्द झाला नाही. काल संध्याकाळी आईनं त्याचा हात धरला होता, काहीतरी बोलायचं होतं तिला, पण जीभ वळली नाही. आता ती पण गेली, आणि त्या सकाळचा तो एकटाच मालक उरला.

“आरं ठोक की,” रामकिसन म्हणाला. “ऊन चढून राह्यलंय.”

रखमाजी उठला आणि खुंटी मुठीत घेऊन उतार उतरू लागला. चुलत्यानं दोन हाका मारल्या. त्यानं मागं बघितलं नाही.

पुंजाराम दारात दोर वळत बसला होता. मुकादम, तोही सुतकातला, आपल्या अंगणात आलेला बघून तो गडबडीनं उठला. रखमाजी लांबच थांबला.

“आई गेली,” तो म्हणाला. “पाणी सुतकाचं हाये. तुमाला चालंल का, इचारायला आलोय. चालत नसंल त बंद करतो.”

पुंजारामनं हातातला पीळ सुटू दिला. म्हातारी गेल्याचं त्याला वाईट वाटलं, तसं तो बोललाही. मग म्हणाला, “आमच्या गुरानं, वांग्यानं कवा कुणाचं सुतक पाळलं? चालतंय की. तवाबी चाललं असतं, मुकादम.”

रखमाजी खाली बसला.

“त्या दिवशी तुळजाबाई आल्ती,” तो म्हणाला. “मी घरातच व्हतो.”

“म्हाईत हाये.”

“कसं?”

“तुमच्या वहाणा दारात व्हत्या. तिनं पाह्यल्या.”

“मंग हाक का न्हाई मारली तिनं?”

पुंजारामनं दोर खाली ठेवला. त्यालाही हे दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

“मीबी तिला तेच म्हणलं,” तो म्हणाला. “त म्हणली, म्हातारी सोताच्या उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन न्हाई म्हणून राह्यली, तिला खोटं कसं पाडू? उद्या पुन्हा जाते, म्हणली. आन घागर घेऊन खाणीकडं गेली.”

वर भावकीचा धीर सुटला. खुंटीच नाही तर बंद काय करणार? एकेकानं तांब्या उचलला, अंघोळी सुरू झाल्या, आणि पाणी पन्हाळीनं खाली येऊ लागलं. अंग पुसता पुसता कुणीतरी खाली बोट दाखवलं. पुंजारामच्या अंगणात रखमाजी गुडघ्यात डोकं घालून हमसून हमसून रडत होता. चितेला अग्नी देतानाही त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

“रडू द्या त्याला,” रामकिसन म्हणाला. “आईवर लई जीव व्हता पोराचा.”