मॅग्नोलिथ ढ आहे का?

अमेरिकेतल्या आमच्या डेटन शहरात थेल्माचं कॉमिक्सचं दुकान आहे. दर जानेवारीत तिथे वाद रंगतो आणि जिंकणाऱ्याला दुकानातली हिरवी आरामखुर्ची वर्षभर घरी नेता येते. चार वर्षं ती प्रेंटिसकडेच आहे. प्रेंटिस गणिताचा मास्तर. तोंड उघडलं की समोरच्याची बोलती बंद. मी लोकांचं घरसामान हलवतो, पियानोपासून फ्रिजपर्यंत. त्या वादात मला एकदाही माझं म्हणणं पुरं करता आलं नव्हतं, आणि खरं सांगतो, ते मला फार लागायचं.

यंदाचा विषय होता टीव्हीवरचा मॅग्नोलिथ. दगडी अंगाचा, पूल उचलणारा, तीन शब्दांवर चौथा न बोलणारा. माझा भारी लाडका.

"ताकद अफाट, डोकं रिकामं," प्रेंटिस म्हणाला. "डोकं म्हणावं तर त्याच मालिकेतल्या डॉक्टर लॅम्बडाचं. तो यंत्रं बनवतो, हा नुसती ओझी उचलतो. वेंडेल, तू मनाला लावून घेऊ नकोस हं!"

सगळे खिदळले. माझे कान तापले.

"थांब," मी म्हणालो. "त्रेसष्ट भाग झाले. लॅम्बडाची यंत्रं किती फुटली?"

"अकरा," थेल्मा म्हणाली. ती सत्तरीची, पंच तीच, आणि तिला सगळं तोंडपाठ.

"आणि मॅग्नोलिथच्या हातून काय पडलं?"

तिनं आठवून पाहिलं. "काहीच नाही की रे."

"कारण उचलण्याआधी तो वस्तूभोवती एक फेरी मारतो. कुठं धरायचं ते बघतो. ही अक्कल नाही तर काय?"

"कुत्राही बसायच्या आधी फेरी मारतो," प्रेंटिस म्हणाला.

पुन्हा हशा. तेवढ्यात थेल्मानं विचारलं, "ते राहू दे. खुर्ची कुठंय? आज आणायची होती ना?"

प्रेंटिसनं घसा खाकरला. "मी दार नवीन बसवलंय. खुर्ची त्याहून चार इंच रुंद आहे. निघणं शक्यच नाही, साधं गणित आहे."

"मग निकाल तिथंच लागू दे," म्हणत थेल्मानं कोट चढवला. "चला रे सगळे."

बर्फ तुडवत आम्ही सहाजण त्याच्या घरी गेलो. मी खुर्चीभोवती एक फेरी मारली. या वेळी कोणी हसलं नाही. मग तिला कुशीवर पाडलं, पाठ आधी बाहेर काढली आणि बाकीची चौकटीला वळसा घालून ओढली. रंगाला ओरखडाही नाही.

प्रेंटिस दाराकडे बघतच राहिला. "मी नुसती रुंदी मोजली," तो पुटपुटला. "वळवायचं सुचलंच नाही."

"खुर्ची वेंडेलची!" थेल्मा ओरडली. मी तिथेच, फुटपाथवर, खुर्चीत ऐसपैस बसलो. चार वर्षं टोमणे साठवून ठेवले होते, पण आनंदाच्या भरात एकही आठवेना.

"एक सांग," प्रेंटिस म्हणाला. "एवढी अक्कल आहे, तर मॅग्नोलिथ बोलत का नाही?"

"कोणी बोलू दिलं तर ना."

पायरीवरचं बर्फ हातानं झटकून प्रेंटिस माझ्या शेजारी बसला. "बोल," तो म्हणाला. "मध्ये तोंड घालणार नाही."

मी पहिल्या भागापासून सुरुवात केली.